कासच्या पठारावरील नत्राचा व्यवहार

सातारा शहराच्या पश्चिमेस असलेले, २०१२ साली पश्चिम घाटासमवेत जागतिक वारशाच्या यादीत दाखल झालेले कासचे पठार पावसाळ्यात पाणथळ होते खरे. परंतु जांभ्या खडकावरील मातीचा थर पातळ आणि त्यातील नत्र धुवाधार पर्जन्याने वाहून जाणारे, त्यामुळे हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असूनही वनस्पतींच्या वाट्याला त्याचे दुर्भिक्षच येते. यावर सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पतींनी कीटकभक्षणाचा मार्ग पत्करला. उलट शिंबीकुलातील स्मिथियाने, म्हणजे कवल्याने, मुळांवरील गाठींत जिवाणूंना आश्रय व शर्करा द्यावी आणि त्यांनी नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करावे, असा परस्परहिताचा करारनामा केला. म्हणूनच पायवाट सोडून पठार तुडवणारा पर्यटक केवळ फुले चिरडत नाही, तर मातीत चाललेला हा व्यवहारच मोडतो.