स्पंदित चुंबकीय उपचार : दुखण्यावर कितपत उपयोगी?

अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर उभे राहून आयुष्य घालवलेला निवृत्त कामगार, उल्हासनगरात दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारी भगिनी आणि बदलापूरहून रोज लोकलमध्ये उभ्याने मुंबई गाठणारा नोकरदार, या तिघांची तक्रार बहुधा एकच असते. कंबर, मान नाहीतर गुडघा. यावर शेक घेणे, पट्टा बांधणे, फिजिओथेरपीवाल्याकडे जाऊन 'करंट लावणे' हे उपाय आपल्या परिचयाचे आहेत. त्यात आता आणखी एका उपचाराची भर पडली आहे. त्याचे नाव पल्स्ड इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड थेरपी, थोडक्यात पीईएमएफ. मराठीत त्यास स्पंदित विद्युत्-चुंबकीय उपचार म्हणता येईल. कोठे दवाखान्यात तो देतात, तर कोठे एखाद्या हॉलमध्ये मोफत शिबिर भरवून गादी किंवा पट्टा विकतात. म्हणून हा प्रकार नेमका काय आहे हे समजून घेणे जरुरीचे आहे.

यामागील तत्त्व शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात सर्वांनी वाचलेले आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले की, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले तर जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. येथे 'बदलत राहिले तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पीईएमएफच्या यंत्रात तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज सोडली जाते व बंद केली जाते, असे दर सेकंदास अनेकदा घडते. त्यामुळे शरीराच्या त्या भागात अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. त्वचेला मुंग्या येत नाहीत की चटका बसत नाही. पुष्कळदा तर काहीच जाणवत नाही. 'करंट लावण्या'पेक्षा हे वेगळे आहे, कारण तेथे पॅड चिकटवून वीज कातडीतून आत सोडतात.

यावरूनच चुंबकाची बांगडी, चुंबकाचा पट्टा व चुंबकाचे पाणी यांचा निकाल लागतो. तेथील चुंबक स्थिर असतो, क्षेत्र बदलत नाही. अशा स्थिर चुंबकांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुखणे कमी होत असल्याचे दिसून आले नाही. रक्तात लोह असते म्हणून चुंबक रक्त ओढतो, असेही शिबिरात सांगतात. रक्तातील लोह हे खिळ्यातील लोखंडासारखे नसते. एमआरआयच्या यंत्रातील चुंबक साधारण दीड टेस्लाचा, म्हणजे या गाद्यांपेक्षा शेकडो पट प्रबळ असतो. त्यात झोपलेल्या माणसाचेही रक्त एका बाजूस धावत नाही!

मग या उपचारात तथ्य काहीच नाही काय? तसे मुळीच नाही. त्याचा जन्म हाडांच्या दवाखान्यात झाला. हाडावर दाब पडला की त्यात किंचित वीज निर्माण होते, हे जपानमध्ये फुकाडा व यासुदा यांनी १९५७ साली दाखविले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. अँड्र्यू बॅसेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पंदित क्षेत्राचा उपयोग न जुळणाऱ्या हाडांवर करून पाहिला. अनेक महिने प्लास्टर घालूनही जे मोडलेले हाड सांधत नाही, अशा रुग्णांसाठी १९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या उपकरणास मान्यता दिली. हा उपचार दोन-चार बैठकांचा नव्हता. रोज काही तास, असे कित्येक महिने तो घ्यावा लागे. तेथेही पुरावा आपण समजतो तितका भक्कम नाही. २०११ सालच्या कॉक्रेन आढाव्यात अवघ्या चार चाचण्या व १२५ रुग्ण सापडले आणि निष्कर्ष ठामपणे काढता आला नाही.

आपल्या देशातही यावर काम झाले आहे. चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे चामड्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत, संधिवात झालेल्या उंदरांवर या क्षेत्राचा परिणाम तपासला गेला व सूज कमी झाल्याचे आढळले. मात्र उंदीर व माणूस यांत फरक आहे.

माणसाच्या गुडघेदुखीकडे वळू. येथे खोट्या यंत्राची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सारी मेख त्यातच आहे. चाचणीत रुग्णांचे दोन गट करतात. एका गटास खरे यंत्र लावतात. दुसऱ्या गटास तसेच दिसणारे, दिवा लागणारे, पण आत क्षेत्र निर्माण न करणारे यंत्र लावतात. आपणास कोणते लागले हे रुग्णास ठाऊक नसते. आश्चर्य असे की, खोट्या यंत्राखालीही पुष्कळांना बरे वाटते. अर्धा तास स्वस्थ पडून राहणे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करणे, दुखण्याचे आपोआप कमीजास्त होणे, या सर्वांचा तो परिणाम असतो. शिबिरात उठून 'मला फरक पडला' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. परंतु त्या फरकात यंत्राचा वाटा किती, हे त्यास कळण्याचा मार्ग नसतो. गुडघ्यासारख्या सांध्यांच्या झिजेवरील २०१३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात नऊ चाचण्या व ६३६ रुग्ण होते. शंभर गुणांच्या वेदनामापनात खऱ्या यंत्राचा गट खोट्यापेक्षा सुमारे १५ गुणांनी पुढे राहिला. चालणे, उठणे-बसणे यांत मात्र स्पष्ट सुधारणा दिसली नाही. म्हणजे वेदना काहीशी सुसह्य होते, झीज भरून येते असे नव्हे.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा धोका गादीच्या क्षेत्रात नसून गमावलेल्या वेळेत आहे. पाठदुखीमागे मणक्याचा क्षयरोगही असू शकतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारी वेदना, पाय बधिर होणे, लघवीवरील ताबा जाणे, यांपैकी काहीही असेल तर प्रथम तपासणी झालीच पाहिजे. क्षयाची औषधे सरकारतर्फे मोफत मिळतात. अशा रुग्णाने तीन महिने गादीवर काढले, तर ते तीन महिने कोण परत देणार? हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी व गर्भवती भगिनींनी हा उपचार टाळावा.

ज्यांना घ्यावयाचाच आहे त्यांनी मुदतठेव मोडून यंत्र विकत घेण्यापूर्वी, जेथे तो उपलब्ध असेल तेथे फिजिओथेरपिस्टकडे काही बैठका घेऊन पाहाव्यात व सोबत सांगितलेला व्यायाम करावा. विक्रेत्यास परवाना क्रमांक जरूर विचारावा, कारण १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पत्रकात मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू, संधिवात बरा करण्याची हमी असेल, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने अशी जाहिरातच निषिद्ध आहे.

निदानासाठी उल्हासनगर कॅम्प ३ येथील मध्यवर्ती रुग्णालय आपणा तिन्ही गावांना जवळ आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. पुढील पुनर्वसनासाठी मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची १९५५ पासूनची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. आपल्याकडून जाणाऱ्यांनी दादरला गाडी बदलून महालक्ष्मी स्थानकावर उतरावे व जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात.