चेन्नईच्या पुराने दिलेला नकार
(बदलतं हवामान : लेखांक ९)

१ डिसेंबर २०१५. चेन्नई आणि आसपास असा पाऊस कोसळला, की काही ठिकाणी चोवीस तासांत ४९० मिलिमीटरच्या आसपास नोंद झाली. अड्यार नदी घराघरांत शिरली, विमानतळ बंद पडला. १८७८ पासून निघणारं ‘द हिंदू’ दुसऱ्या दिवशी छापलंच गेलं नाही, कारण कामगारांना छापखान्यापर्यंत पोचताच आलं नाही. पावसाच्या आदल्याच दिवशी पॅरिसमध्ये जागतिक हवामान परिषद सुरू झाली होती. हवामान बदल कसा असतो हे दाखवायला चेन्नई आयतीच हाताशी आली.

पुढे गेर्ट यान व्हॅन ओल्डेनबर्ग, फ्रीडरिके ओटो आणि दिल्ली आयआयटीचे कृष्ण अच्युतराव यांच्यासह चौघा संशोधकांनी त्या पावसाचा हिशेब मांडला. तापमानवाढीचा हात दिसेल अशीच सगळ्यांची अपेक्षा होती. उत्तर आलं : दिसत नाही. त्या वर्षीच्या एल निनोमुळे अशा पावसाची शक्यता थोडी वाढली होती, पण माणसाने तापवलेल्या समुद्राचा परिणाम आकड्यांत सापडला नाही. बंगालच्या उपसागराचा पश्चिम भाग मागच्या तीन-साडेतीन दशकांत फारसा तापलेलाच नव्हता.

आपत्तीतला तापमानवाढीचा वाटा मोजणाऱ्या या शास्त्रावर माझा विश्वास बसला तो या नकारामुळे. प्रत्येक आपत्तीला ‘हवामान बदल’ हेच उत्तर देणाऱ्या पद्धतीला शास्त्र कशाला म्हणायचं?

या विचाराची सुरुवातही पुरातच झाली. जानेवारी २००३ मध्ये ऑक्सफर्डला थेम्सचं पाणी वाढत होतं, तेव्हा तिथल्याच माइल्स ॲलन या शास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये एक टिपण लिहिलं. अशा नुकसानीची जबाबदारी हरितगृह वायू सोडणाऱ्यांवर कधी टाकता येईल का, असा त्याचा सवाल होता. त्याच उन्हाळ्यात युरोप होरपळला. पुढच्या वर्षी ॲलन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की एवढ्या तीव्र उन्हाळ्याचा धोका माणसाच्या करणीने बहुधा दुपटीहून अधिक वाढला आहे. ‘हा उन्हाळा माणसामुळेच आला’ असं त्यांनी म्हटलं नाही, आणि तसं म्हणता येतही नाही.

पद्धत सांगायला सोपी आहे. जुन्या नोंदींत अशी घटना किती दुर्मीळ होती ते पाहायचं. मग संगणकावर दोन जगं चालवायची : एक आजचं आणि दुसरं कोळसा, तेल जाळण्याआधीच्या हवेचं. दोन्हीकडे तशी घटना किती वेळा घडते हे मोजायचं. खरी मेख त्याआधीच असते. ‘घटना’ म्हणजे नेमकं काय, किती प्रदेश, किती दिवस? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा नाही. हाताशी फक्त कुलाब्याची वही असती, तर तो प्रलय कागदावर झालाच नसता.

उष्णतेच्या बाबतीत उत्तरं बहुधा ठाम येतात. मार्च २०२२ हा देशातला १९०१ नंतरचा सर्वांत तापलेला मार्च. ऐन दाणे भरताना गहू करपला आणि मे महिन्यात सरकारने निर्यात थांबवली. मार्च-एप्रिलच्या त्या दीर्घ उष्म्याची शक्यता तापमानवाढीमुळे सुमारे तीसपट झाली, असं ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या गटाने काढलं. पण इथेही एक गाठ आहे. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला. देशातला तो उच्चांक, तरीही त्याच्या अभ्यासात तापमानवाढीची स्पष्ट खूण मिळाली नाही. त्यामागे दोन कारणं असावीत : हवेतले धूलिकण ऊन अडवतात, आणि ओलिताखालच्या जमिनीतून उडणारी वाफ दुपारचा कमाल पारा खाली धरते. उत्तर भारताचं प्रदूषण तिथल्या उन्हाळ्याची धार काहीशी बोथट करत असेल, तर हवा स्वच्छ केल्यावर काय होईल? हवा स्वच्छ करायलाच हवी, पण ही दबलेली उष्णता मोजणीत धरूनच.

पावसाचं मूळ सूत्र शाळकरी आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. प्रत्यक्षात मात्र त्या बाष्पाचं काय होईल हे वारा, डोंगर आणि समुद्र ठरवतात. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात पावसाळ्याचा एकूण पाऊस मात्र घटत होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यांत वाईट वाटणी. जुलै २०२४ मध्ये वायनाडचे डोंगर कोसळले, त्या पावसाची तीव्रता तापमानवाढीने दहा टक्क्यांच्या आसपास वाढवली असा अंदाज निघाला. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. आधीच भिजून फुगलेल्या उतारावर ते किरकोळ नसतात.

नुकसानीची उरलेली जबाबदारी कुणाची, हे विचारणं मात्र पुढाऱ्यांना परवडत नाही. चेन्नईत पल्लिकरणैची दलदल बांधकामांनी गिळली होती, आणि चेंबरमबाक्कम तलावातून पाणी सोडण्याच्या पद्धतीवर पुढे महालेखापरीक्षकांनीही बोट ठेवलं. ‘हवामान बदल झाला हो’ म्हटलं की या सगळ्यावर पांघरूण पडतं.

गारपिटीपाशी हे शास्त्र अजून अडखळतं. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाडा आणि विदर्भात गारांनी रब्बी झोडपून काढली. तेव्हापासून त्या भागात हवामान बदलावर व्याख्यान दिलं, की पहिला प्रश्न गारांचाच येतो. पण गार काही किलोमीटरच्या एका ढगात जन्मते, आणि हवामानाच्या बहुतेक संगणकीय प्रारूपांतला एकेक चौकोन दहा-वीस किलोमीटर किंवा त्याहून मोठा असतो, त्यात तो ढग दिसतच नाही. शिवाय गारांच्या जुन्या नोंदी तुटक. पीक विम्याच्या कागदांत असतं ते नुकसान, गारेचा आकार नव्हे.

(पुढील आठवड्यात : अरबी समुद्रातली चक्रीवादळं)