ओरछाच्या जंगलातील पदभ्रमण : आखणी कशी केली

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या हाऊसमधील आठ कॅडेट आणि एक सर असे नऊ जण दोन दिवसांच्या पदभ्रमणाला गेलो. आखणीचे काम सरांनी माझ्याकडे दिले होते. पुढच्या वर्षी ते तुमच्यापैकी कुणाकडे तरी येईल. ती आखणी कशी केली, हे त्यासाठी मराठी पानावर सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न जागेचा. झाशीत जंगल म्हटले की शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानाचे नाव निघते. ते येथून साधारण १०० किलोमीटरवर आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे जुने शिकारीचे जंगल. २०२३ मध्ये तेथे पुन्हा वाघ सोडण्यात आले आणि २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले. असे जंगल गाडीत बसून पाहायचे असते. पाठीवर पिशवी घेऊन चालण्यासाठी ते नाही. इंग्रजी सिनेमात दिसते तसे तंबू ठोकून शेकोटी पेटवणेही आपल्याकडे चालत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश नाही, आग लावण्यास बंदी आहे आणि परवानगीविना शस्त्र नेता येत नाही. कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रातच मोडतो. त्यामुळे ‘कुठे चालायचे’ याच्या आधी ‘रात्री कुठे झोपायचे’ हे ठरवावे लागते.

ओरछा या दृष्टीने सोयीचे आहे. झाशीपासून जेमतेम १६-१७ किलोमीटर, पण राज्य मध्य प्रदेश. बेतवा आणि जामनी या दोन नद्यांच्या मधल्या भूभागावर हे अभयारण्य आहे. छत्र्यांजवळचा अरुंद पूल ओलांडला की फाटक लागते. तिकीट काढून पायी फिरता येते. वाघाची भीती नाही. चितळ, नीलगाय, वानरे आणि छत्र्यांवर घरटी करणारी गिधाडे दिसतात. दिवसा जंगलात चालायचे आणि रात्री गावातील धर्मशाळेत मुक्काम करायचा, असे ठरले.

आता वेळेचे गणित. १८९२ मध्ये नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम सांगितला : सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. ओरछाला चढ फारसा नाही, पण पाठीवर ओझे आणि पायाखाली दगडगोटे असतात, म्हणून मी तासाला तीन किलोमीटर धरले. वाट १४ किलोमीटरची निवडली. दर तासाला दहा मिनिटे विश्रांती आणि जेवणाची पाऊण तास सुट्टी धरून सकाळी दहाला निघालो तर सव्वाचारला परत. डिसेंबरात येथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे गणित बसत होते.

पण आमच्यात नववीतला एक कॅडेट होता, जो ऑक्टोबरात डेंग्यूतून उठला होता. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, धावायला नाही. काही जणांचे म्हणणे पडले की, त्याला या वेळी शाळेतच राहू द्यावे. सर एवढेच म्हणाले, “आधी त्याचा वेग मोजा, मग मला सांगा.” भरलेली पिशवी देऊन त्याला तासभर ट्रॅकवर चालवले. ४०० मीटरच्या सहा फेऱ्या झाल्या, म्हणजे २.४ किलोमीटर. जंगलात मी दोनच धरले. त्या वेगाने १४ किलोमीटरला विश्रांती धरून साडेआठ-नऊ तास लागले असते. अंधार पडला असता. मग मी वाट आठ किलोमीटरची केली. चार जायचे, चार यायचे. आता सर्वांत हळू चालणाराही साडेतीनला फाटकाशी पोहोचणार होता आणि उजेडाचे दोन तास शिल्लक राहणार होते. माझ्या मते संपूर्ण आखणीतला हाच मुख्य मुद्दा आहे. तुकडीचा वेग म्हणजे तिच्यातील शेवटच्या माणसाचा वेग. सरासरी काढून उपयोग नाही.

त्यानंतर ओझे. पिशवी स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जड नसावी. ४५ किलोच्या मुलाला नऊ किलो. त्यातले तीन किलो पाण्यातच जातात, कारण एक लिटर म्हणजे एक किलो आणि माणशी तीन लिटर पाणी हवेच. नदी शेजारून वाहते म्हणून पाणी कमी घेऊ नका. तिचे पाणी प्यायचेच झाले तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे लागते. उकळायला आग लावता येत नाही. जेवणही न शिजवता खाण्याजोगे हवे. आम्ही दशम्या, भाजलेले चणे, गूळ-शेंगदाणे आणि सत्तू नेले. रात्री थंडी चांगलीच पडते, त्यामुळे स्वेटर आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सर्वांत खाली ठेवले.

नदीचा भरवसा धरू नका. बेतवेवर ओरछाच्या वरच्या बाजूला माताटीला आणि राजघाट ही धरणे आहेत. आभाळ कोरडे असतानाही वरून पाणी सोडले तर पात्र वाढते. म्हणून खडकांवर उतरण्याआधी गावात चौकशी करावी आणि पात्रात मुक्काम करू नये.

शेवटी रूट कार्ड. १:५०,००० च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. प्रत्येक टप्प्याचे अंतर, दिशा आणि पोहोचण्याची वेळ लिहून एक प्रत ड्युटी मास्टरांकडे ठेवली. त्यात सर्वांत वर लाल शाईने लिहिले होते : दुपारी एक वाजता, असू तेथून परत. सर्पदंशाची सूचनाही त्यातच होती. जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, पाय न हलवता रुग्णाला उचलून थेट झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजला न्यायचे.

प्रत्यक्षात काय झाले? नववीतला कॅडेट सर्वांत पुढे चालला. हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचे, हा सरांचा नियम. परतताना आमच्या क्रॉस कंट्रीच्या कप्तानाचा पाय एका दगडावरून मुरगळला. त्याची पिशवी आम्ही आळीपाळीने घेतली. तो लंगडत, दर दहा मिनिटांनी थांबत चालला. फाटकाशी पोहोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि चांगला उजेड होता. १४ किलोमीटरची वाट असती, तर त्या वेळी आम्ही बरेच आत असतो.

दुसऱ्या दिवशी कप्तान धर्मशाळेतच थांबला, सर त्याच्यापाशी बसले. आम्ही सकाळी छत्र्यांवरची गिधाडे पाहून घेतली आणि दुपारी सर्व जण टेम्पोने झाशीला परतलो. रूट कार्डाची प्रत हाऊसच्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या तुकडीने ती जरूर पाहावी, पण वेग मात्र आपल्याच माणसांचा मोजावा.