मैत्रीची कर्जे आणि दिग्रसचा कापूस

दिग्रसच्या बाजारात कापसाचा भाव पडला म्हणजे खापर व्यापाऱ्यावर किंवा सरकारी खरेदीवर फुटते. परराष्ट्र खात्याचे नाव कोणी घेत नाही. वस्तुतः भारतीय कापसाचे व सुताचे बांगलादेश हे मोठे गिऱ्हाईक आहे आणि त्या देशाशी असलेल्या संबंधांत एका बँकेने मोठी रक्कम गुंतविली आहे.

ही बँक म्हणजे 1982 मध्ये स्थापन झालेली, संपूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची एक्झिम बँक. निर्यातदारांना साहाय्य करणे हे तिचे मूळ काम. परंतु परदेशी सरकारांना सवलतीची कर्जे देण्याची कामगिरीही तिच्याकडे आली. कर्ज कोणाला द्यावयाचे हे दिल्ली ठरविते, पैसा बँक उभारते आणि परतफेडीची हमी भारत सरकार घेते. अट अशी की, सामान्यतः 75 टक्के माल व सेवा भारतातूनच घ्याव्यात. उसने द्यावयाचे आणि गिऱ्हाईकही आपल्याच दुकानी आणावयाचे, असा हा व्यवहार आहे.

बांगलादेशाला 2010 मध्ये 1 अब्ज, पुढे 2 अब्ज आणि 2017 मध्ये साडेचार अब्ज डॉलरची कर्जे मंजूर झाली. पहिल्या कर्जातील सुमारे 65 किलोमीटरच्या खुलना-मोंगला लोहमार्गाचे उद्घाटन 1 नोव्हेंबर 2023 रोजी झाले. त्याला तेरा वर्षे लागली. दिग्रसमार्गे जाणाऱ्या वर्धा-नांदेड लोहमार्गाच्या वर्धा-कळंब टप्प्यावरही पहिली गाडी 2024 मध्येच धावली. दिरंगाईत आपण आप-परभाव करीत नाही!

उद्घाटनानंतर नऊच महिन्यांनी ढाक्यात सत्तांतर झाले. एप्रिल 2025 मध्ये नव्या राजवटीने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद केली. रूळ राहिले, कर्जही राहिले. स्नेह तेवढा आटला.

ब्राझीलचा अनुभव याहून कटू आहे. तेथील सरकारी विकास बँकेने क्यूबाच्या मारिएल बंदरास कर्ज दिले, बांधकाम ब्राझिली कंपनीने केले. 2018 मध्ये क्यूबाचे हप्ते थकले आणि भार ब्राझीलच्याच सरकारी हमी निधीवर पडला.

म्हणून अशी कर्जे बंद करावीत असे नाही. चीनच्या बँका शेजारात थैल्या घेऊन उभ्या असता भारताने हात आखडणे परवडणारे नाही. मात्र एका राजवटीशी असलेला घरोबा म्हणजे त्या देशाशी मैत्री, हे गृहीत धरून कर्ज देणे धोक्याचे आहे. दोन्हीकडच्या गिरणीवाल्यांना व कापूस उत्पादकांना ज्याची नित्य गरज भासते, अशा सीमेवरील गोदामांवर आणि मालधक्क्यांवर हा पैसा आधी लागावयास हवा. ढाक्यात कोणीही सत्तेवर आले, तरी तेथील गिरण्यांना कापूस लागणारच आहे.