केस वाढतातच, ते टिकवायचे असतात

आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांचे केस लांब होत नाहीत, ही समजूत जगभर इतकी मुरली आहे की त्यांच्यातल्याही कित्येक जणी ती खरी मानत आल्या. ती खरी नाही. डोक्यावरचा केस मुळाशी दोन ते सहा-सात वर्षं सतत वाढतो, मग थांबतो, तीनेक महिने तसाच राहतो आणि गळून नव्याला जागा देतो. हे चक्र सगळ्या माणसांत सारखंच आहे. वेगात मात्र फरक आहे. जनव्हिएव्ह लुसुआर्न या फ्रेंच संशोधिकेने २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार युरोपीय वंशाचे केस दिवसाला सुमारे ०.४ मिलिमीटर वाढतात, तर आफ्रिकी वंशाचे पाव मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे वर्षाला साधारण ९ सेंटीमीटर. या हिशेबाने चार-पाच वर्षांत ते खांद्याच्या बरेच खाली यायला हवेत. अनेकींचे येत नाहीत, कारण मुळाशी जेवढी वाढ होते, जवळपास तेवढीच टोकाशी तूट होते.

ही तूट कुठून येते, ते केसाच्या घडणीत दिसतं. सरळ केस आडवा कापून पाहिला तर जवळजवळ गोल दिसतो, दाट कुरळा केस चपटा दिसतो. त्याचं मूळच त्वचेत वाकडं असतं, त्यामुळे केस वळसे घेत बाहेर येतो. प्रत्येक वळशापाशी तो कमकुवत असतो, आणि ताण पडला की तिथेच तुटतो. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं. इथे ते वळणावळणांतून टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून डोकं तेलकट आणि टोकं कोरडी, असा प्रकार होतो. शिवाय एकच केस स्वतःभोवती फिरून त्याची बारीक गाठ बसते, आणि कंगवा तिथे अडकला की केस गेलाच.

या केसांना समजून घेण्याऐवजी त्यांना लपवायला किंवा सरळ करायला लावण्याचा इतिहास मोठा आहे. १७८६मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने कृष्णवर्णीय स्त्रियांना डोक्याला फडकं बांधण्याची सक्ती केली. पुढे त्याच लुइझियानात १८६७ साली सारा ब्रीडलव्ह जन्मली. आईवडील गुलामीत राहिलेले, आणि ही त्या घरात स्वतंत्र जन्मलेली पहिली मुलगी. टाळूच्या विकाराने तिचे स्वतःचे केस गळत होते. त्यातूनच मॅडम सी. जे. वॉकर या नावाने तिने केसांच्या निगेचा मोठा उद्योग उभारला आणि हजारो स्त्रियांना त्यात रोजगार दिला. नियमित धुणं आणि टाळूची स्वच्छता यांवर तिचा भर होता. तो आजच्या वैद्यकालाही मान्य होईल.

विसाव्या शतकात केस सरळ करणारी रसायनं, म्हणजे रिलॅक्सर, घरोघरी पोचली. त्यांतल्या बऱ्याच मिश्रणांत सोडियम हायड्रॉक्साइड असतं. ते केसातल्या केराटिनचे बंध तोडतं, म्हणून वळसा जातो आणि त्याबरोबर ताकदही जाते. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी उत्पादनं वापरणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळलं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण सावध होण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे, असं मला वाटतं. तोवर असंख्य स्त्रियांनी रिलॅक्सर सोडून आपले मूळचे, म्हणजे ‘नॅचरल’ केस वाढवायला घेतलेच होते. २०१९मध्ये कॅलिफोर्नियाने ‘क्राउन ॲक्ट’ करून केसांच्या मूळ पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करण्यास बंदी घातली.

या स्त्रियांनी अनुभवातून जी निगा बसवली, तिचं सूत्र एकच आहे: टोकं सांभाळा. खांद्याखाली पोचलेलं टोक चार-पाच वर्षांचं जुनं असतं. जुन्या पैठणीसारखंच ते हाताळावं लागतं. गुंता कोरड्या केसांत सोडवायचा नाही. केस ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, चार-सहा भाग करून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायचा. सुरुवात टोकापासून करून हळूहळू मुळाकडे जायचं. मुळापासून खाली ओढलं की सगळा गुंता एका जागी घट्ट होतो आणि केसांचा पुंजका हातात येतो. धुणं आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. धुतल्यावर केस ओलसर असतानाच तेल किंवा शिया बटर लावलं की ओल आत टिकते. रात्री सॅटिनची टोपी घालायची, कारण सुती उशीवर केस घासले जातात आणि कापूस ओल शोषून घेतो. टोकांना फाटे फुटले असतील तर तेवढे कापायचे. न कापल्यास केस आणखी वर चिरत जातो.

चाड देशातल्या बसारा अरब स्त्रिया लांबसडक केसांसाठी प्रसिद्ध आहेत. त्या ‘चेबे’ नावाची पूड तेलात कालवून लावतात, आणि लावतात ती मुळांना नव्हे, केसांच्या लांबीला. मग वेण्या घालतात आणि दिवसचे दिवस सोडत नाहीत. पुडीत केस उगवण्याची जादू असल्याचा पुरावा नाही. केस ओलसर राहतात, घासत नाहीत, तुटत नाहीत. मला त्यांच्या लांबीचं कारण हेच दिसतं.

आपल्या खोबरेल तेलाचंही तसंच आहे. मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३मध्ये दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने ते जमलं नाही. पण खोबरेल केस वाढवत नाही, असलेले राखतं. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा उपयोग शरीरात बायोटिन कमी असेल तरच होतो. शिवाय त्यांमुळे रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकू शकतात, तेव्हा तपासणीआधी डॉक्टरांना गोळ्यांविषयी सांगावं.

एका गोष्टीबद्दल मात्र आपल्याकडच्या आयांशी आणि आज्यांशी बोलायलाच हवं. घट्ट वेणी घातली की केस वाढतात, असं आपल्या घरांत आजही मानतात. केपटाउन विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञ नोनशलानशला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या आफ्रिकी स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा साधारण तिघींत एकीचे केस ओढ बसून विरळ झालेले आढळले. घट्ट वेण्या आणि रिलॅक्सर एकत्र आले की धोका अधिक. कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर केस पातळ होऊ लागणं, वेणी घातल्यावर डोकं दुखणं, मुळांशी बारीक पुटकुळ्या येणं ही त्याची लक्षणं आहेत. या टप्प्यावर वेणी सैल केली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढ बसत राहिली तर मुळं कायमची मरतात. तेव्हा मुलीने वेणी दुखते म्हटलं, तर ती तिथल्या तिथे सोडा आणि सैल घाला.