पिंप न उघडता आतला हिशेब

भिगवणच्या बाजारात उजनीच्या पाण्यातला मासा ताजा आहे का, हे पाहायला कोणी तो चिरत नाही. कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला की काम भागते. अणुकचऱ्याच्या पिंपालाही असेच बाहेरूनच जोखावे लागते. ते उघडले, तर काम करणाऱ्याला किरणोत्सर्ग सोसावा लागतो आणि कचऱ्यात आणखी भर पडते.

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ पासून अणुवीज तयार होते. अणुकेंद्रांत वापरलेले हातमोजे, फडकी, गाळण्या, यंत्रांचे भाग असा घनकचरा साठतो. त्यात कोणता किरणोत्सर्गी पदार्थ किती आहे, हे कळल्याशिवाय तो कुठे ठेवायचा हे ठरत नाही.

तपासणीसाठी पिंप फिरत्या चकतीवर ठेवतात. समोर जर्मेनियमचा डिटेक्टर असतो. तो बहुधा द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात. प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते. सीझियम-१३७ ची ६६२, तर कोबाल्ट-६० ची ११७३ आणि १३३२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. ऊर्जेवरून पदार्थाचे नाव कळते आणि किरणांच्या संख्येवरून प्रमाण.

अडचण असते ती पिंपातल्या मालाची. मधोमध जाड लोखंड असेल, तर किरण आतच अडतात आणि मोजणी कमी भरते. म्हणून पिंपाचे थरांत भाग पाडून मोजतात. शिवाय बाहेरच्या ज्ञात स्रोताचे किरण आरपार सोडून किती अडले ते पाहतात आणि तेवढी दुरुस्ती करतात.

प्लुटोनियमचे गॅमा किरण क्षीण असतात. तेथे न्यूट्रॉन मोजतात. प्लुटोनियम-२४० चे अणू आपोआप फुटतात आणि एकाच वेळी दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. या एकत्र येण्यावरून ते ओळखू येतात. स्ट्रॉन्शियम-९० मात्र गॅमा किरण सोडत नाही. त्याचे प्रमाण सीझियमशी असलेल्या ठरावीक गुणोत्तरावरून काढतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मे होते. ३०० वर्षांनी हजारातला जेमतेम एक भाग उरतो. तेवढा काळ जमिनीलगतचे काँक्रीटचे कोठार सांभाळता येते. प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला मात्र सुमारे २४,००० वर्षे लागतात. मोजणी चुकून असे पिंप उथळ कोठारात गेले, तर त्याची जबाबदारी कितीतरी पिढ्यांच्या माथी पडते.