‘आम्ही’ आणि ‘आपण’: टीव्हीवरचे उद्याचे देश आणि आपला मराठवाडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे बघा’ आले ते काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय. आणि हो, ‘द एक्सपान्स’ अजून बघायची असेल तर सावधान, शेवट सांगणार आहे.

आजचा विषय: सायन्स फिक्शन मालिकांमध्ये दोनशे-तीनशे वर्षांनंतरचे देश कसे दाखवतात? भारत असतो का? पासपोर्ट असतो का? ‘मी अमुक देशाचा’ असं तेव्हाचा माणूस म्हणतो का?

नांदेड-लातूरच्या माणसाला हा प्रश्न परका वाटायला नको. कारण देश बदलणं, राज्य बदलणं, नाणं बदलणं, कचेरीतली भाषा बदलणं हे सगळं आपल्या आजोबांनी घराचा उंबरा न ओलांडता बघितलंय.

सुरुवातीला एक छोटं हत्यार हातात घेऊ. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरचा त्यात नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की समोरच्याचंही ताट मांडलं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. माझं म्हणणं असं की राष्ट्र म्हणजे शेवटी हाच प्रश्न: ‘आपण’मध्ये कोण कोण? आणि मालिका चांगली की वाईट हे तिथेच कळतं. ‘आम्ही’चं ‘आपण’ कसं झालं, ते ती दाखवते का नुसतं झालं म्हणून सांगते?

स्टार ट्रेक: झालं एकदाचं ‘आपण’

‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकन टीव्हीवर सुरू झाली. शीतयुद्ध ऐन भरात. आणि या मालिकेत पृथ्वी एक झालेली, वर ग्रहांचं फेडरेशन. जहाजावर आफ्रिकेची उहुरा, जपानी वंशाचा सुलू, आणि दुसऱ्या सीझनपासून चेकॉव्ह नावाचा रशियन पोरगा. त्या काळात अमेरिकन टीव्हीवर रशियन माणूस आपल्या बाजूने बसलाय, ही साधी गोष्ट नव्हती.

पण या चेकॉव्हकडे नीट बघा. त्याचं रशियनपण म्हणजे काय? उच्चार आणि एक चालू विनोद, की जगातली प्रत्येक चांगली गोष्ट रशियातच निघाली. म्हणजे राष्ट्र संपलं आणि मागे राहिली चव आणि फुशारकी. तेवढंच राहणार असेल तर वाईट नाही म्हणा! पण हे झालं कसं? भांडणं कशी मिटली? कारभाराची भाषा कोणती ठरली? मालिका सांगत नाही. भाषेसाठी एक यंत्र आहे, युनिव्हर्सल ट्रान्सलेटर. सगळं आपोआप कळतं. विषय संपला.

आपल्याकडे ते यंत्र नव्हतं. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा आणि कारभाराची भाषा उर्दू. १९१८ ला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथे शिकवण्याचं माध्यमही उर्दू. घरी मराठी, कचेरीत उर्दू. पुढे शिकायचं, नोकरी धरायची, तर आधी ट्रान्सलेटर स्वतःच व्हायचं. आजही मराठवाड्यात असे म्हातारे भेटतात जे ज्ञानेश्वरी वाचतात आणि उर्दूतला जुना दस्तही झरझर वाचून दाखवतात.

स्टार ट्रेकची अजून एक गंमत नांदेडकरांसाठी. १९६७ च्या एका भागात खान नूनियन सिंग नावाचा खलनायक येतो. जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघून अंदाज करते की हा उत्तर भारतातला, बहुतेक शीख असावा. काम केलंय मेक्सिकन नट रिकार्डो मोंटालबाननं. शीख म्हणजे उत्तर भारत, असं गणित. आता नांदेडच्या माणसाला विचारा! गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडला ज्योतीज्योत समावले, तख्त हजूर साहिब इथे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले शीख तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात. मालिकावाल्यांना माणसाची ओळख नकाशावर एका जागी टाचणी लावून ठेवायची असते. खऱ्या ओळखी अशा एका जागी बसत नाहीत.

घर तिथेच, राज्य चार

आता आपली टाइमलाइन बघू. समजा १९३५ मध्ये उदगीरला कुणी जन्मलं. जन्म निजामाच्या राज्यात, जिल्हा बिदर. खिशात हाली सिक्का. निजामाचा स्वतःचा रुपया, ७ हाली म्हणजे ६ ब्रिटिश भारतातले रुपये. रेल्वे निजामाची, पोस्टाचं तिकीट निजामाचं. १५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला, हा माणूस नाही झाला. त्यासाठी अजून तेरा महिने, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा, आणि शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली लष्करी कारवाई. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

मग भारतातलं हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रचना झाली आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबादला जोडले, राज्य झालं द्विभाषिक मुंबई. १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९८२ ला जिल्हा लातूर. चार राज्यं, तीन जिल्हे, आणि घर तिथंच!

नांदेडकडेही तेच. १९५६ ला मुधोळ, भैंसा हा भाग नांदेडमधून तेलुगू बाजूला गेला, आज तो तेलंगणात आहे. किनवट, इस्लापूर आदिलाबादमधून इकडे आले. रेघ राज्यांच्या मधून नाही, तालुक्याच्या आतल्या महसुली सर्कलमधून ओढली. देगलूर तालुक्यातलीसुद्धा दोन सर्कल पलीकडे गेली. रेघेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक होती, बाजार होते. ती काही रेघ पडली म्हणून थांबली नाहीत.

स्टार ट्रेकमध्ये नेमका हाच मधला काळ गाळलेला आहे. आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच असते.

द एक्सपान्स: पाणी कुणाचं?

तो मधला काळ दाखवणारी मालिका म्हणजे ‘द एक्सपान्स’. २०१५ ला सुरू झाली, सहा सीझन, २०२२ च्या जानेवारीत संपली. इथे तीन सत्ता आहेत. पृथ्वी, जिच्यावर संयुक्त राष्ट्रांचं सरकार. मंगळ, जो स्वतंत्र देश झालाय. आणि लघुग्रहांचा पट्टा, जिथे खाणीत, जहाजांवर काम करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि मालक मात्र आतल्या ग्रहांवरचे.

पट्ट्यात सिरीस नावाचं मोठं ठाणं आहे. एकेकाळी त्याच्यावर बर्फच बर्फ होतं. पृथ्वी आणि मंगळानं ते नेलं. आता तिथल्याच लोकांना पाणी मोजून मिळतं, आणि शनीच्या कड्यांमधून बर्फ आणणाऱ्या जहाजांची वाट बघावी लागते. पहिल्याच भागात असं एक बर्फवाहू जहाज उडवलं जातं आणि तिथून युद्धाची ठिणगी पडते.

लातूरकरांना यातलं काय समजावून सांगायचं? १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी, सुमारे २५ लाख लिटर. अंतर जवळपास ३४० किलोमीटर. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लावलं होतं, म्हणजे घागर घेऊन पाच माणसं जमली तरी बेकायदा. सिरीसवरचा सीन कुणी लातूरच्या टाकीपाशी शूट केला असता तरी चाललं असतं.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. सिरीसला जहाज पोचलं नाही, लातूरला गाडी पोचली. मिरजेचं पाणी लातूरला देताना तिथल्या माणसानं ‘आपण’ म्हटलं, ‘तुम्ही’ नाही. माझ्यासाठी राज्य नावाची गोष्ट त्या महिन्यांत झेंड्यापेक्षा त्या डब्यांमध्ये जास्त दिसली. मात्र हेही खरं की ‘आपण’ हे दुष्काळात गाडी पाठवण्यापुरतं असून भागत नाही. पाऊस चांगला झालेल्या वर्षी धरण, कालवा, निधी यांच्या हिशेबातही ते दिसायला पाहिजे.

पट्ट्यातल्या लोकांची भाषाही बघण्यासारखी आहे. निक फार्मर या भाषातज्ज्ञानं ती रचली. अनेक भाषांची मोडतोड होऊन कामगारांच्या तोंडी तयार झालेली बोली. हातवारे मोठे, कारण अंतराळसूटमध्ये चेहरा दिसत नाही. त्यांचा स्वतःसाठीचा शब्द आहे ‘बेल्टालोडा’. हा शंभर टक्के ‘आम्ही’ आहे, ‘आपण’ नाही. आतल्या ग्रहांची माणसं त्यात बसत नाहीत.

आणि त्या बोलीला पृथ्वीवाले हसतात. ‘काय करायलास?’ असं पुण्याच्या ऑफिसात बोलून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. आपली ‘करायलाव, जायलाव’ची मराठी, तिच्यात मिसळलेला दखनीचा ‘नक्को’ आणि ‘हौ’, ही निजामाच्या राज्यात तीन-चार भाषा एकत्र नांदल्याची खूण आहे. तो आपला इतिहास तोंडात आहे. मीटिंगमध्ये तो लपवावा लागत असेल, तर ‘आपण’मध्ये अजून थोडं काम बाकी आहे.

कोड बदलतो, डेटा राहतो

एक गोष्ट मात्र मला कुठल्याच मालिकेत धड दिसली नाही: कागद. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे नजर तिकडे जातेच. आम्ही नवी सिस्टिम आणतो, जुनी बंद केली म्हणतो, पण जुन्या डेटाबेसला हात लावायची हिंमत कुणाची होत नाही. राज्यांचंही तसंच. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं. पण मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आधी १९५४ चं खासरा पत्रक मागतो. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा निजामकालीन उर्दू कागद उघडले गेले. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारनं हैदराबाद गॅझेटिअरबद्दल शासन निर्णय काढला. त्यातल्या आरक्षणाच्या वादात आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की जे राज्य आता नाही, त्यानं लिहून ठेवलेल्या ओळीवर आजच्या पोरांचं ॲडमिशन ठरू शकतं. तीनशे वर्षांनंतरच्या मंगळावरही कुणीतरी जुन्या पृथ्वीचा दाखला शोधत फिरत असणार. पैजेवर सांगतो!

मग शेवट काय?

एक्सपान्सच्या शेवटी पट्ट्याला जमीन मिळत नाही. नव्या ग्रहांकडे जाणाऱ्या वाहतुकीचा ताबा मिळतो, त्यासाठी एक संघ तयार होतो. त्याचं अध्यक्षपद आधी होल्डनला देतात, जो पृथ्वीचा आहे. सगळ्यांना सोयीचा माणूस. तो पद घेतो आणि लगेच राजीनामा देऊन पट्ट्यातल्या ड्रमरकडे सोपवतो. मला हा पूर्ण मालिकेतला सगळ्यात राजकीय सीन वाटतो. तुम्हाला ‘आपण’मध्ये घेतलं असं नुसतं म्हणून चालत नाही, खुर्ची द्यावी लागते.

आपल्याकडे ही गोष्ट करारात लिहिली होती. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचं कबूल झालं. घटनेच्या कलम ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद आली. मंडळ प्रत्यक्षात आलं १९९४ ला, आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०१८ मध्ये नांदेडच्या सीमेवरच्या धर्माबाद भागातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या म्हणून मागणी केली, कारण पलीकडच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या योजना त्यांना रोज दिसत होत्या. त्या गावांचं मराठी कमी झालं होतं का? नाही. पण त्यांनी ‘आपण’चा हिशेब मागितला होता.

म्हणून पुढची सायन्स फिक्शन मालिका बघताना झेंड्याचं डिझाइन बघू नका. तीन गोष्टी बघा. पाणी कोण मोजतं, कचेरीत कुणाची भाषा चालते, आणि खुर्चीवर कोण बसतं. या तिन्हींचं उत्तर मालिकेकडे असेल तर तो देश खरा. नसेल तर नुसता सेट.

आणि घरी ऐंशी-नव्वदीतलं कुणी असेल तर एक काम करा. त्यांना विचारा, पहिला रुपया हातात आला तो कोणता होता, आणि शाळेच्या दाखल्यावर लिपी कोणती. उत्तर रेकॉर्ड करून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडला.